बँडातील पहिला ठोका



लग्नमंडपातील एक क्षण आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. मंगलाष्टके चालू असतात. वधूवरांच्या मध्ये अंतरपाट धरलेला असतो. मंडळी मुठीत अक्षता घेऊन उभी असतात आणि प्रत्येक श्लोकाच्या शेवटी 'सावधान' हा शब्द कानी आला म्हणजे त्या थोड्या थोड्या टाकीत असतात. मग शेवटचा 'सावधान' होतो, अंतरपाट दूर होतो, आणि त्याच निमिषी मंडपाबाहेर उभे असलेले दहा-बारा वाजविणारे एका जिवाने वाजवू लागतात. क्लॅरिनेट, ट्रंपेट, ड्रम, झांज, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. आपण त्या वेळी वधूवरांकडे पाहत असतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दहा-बारा माणसांना नेमके त्याच निमिषी सुरू करावयास कोणी सांगितले आणि कसे सांगितले, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. आज त्याच प्रश्नाविषयी चार शब्द बोलावे असे योजिले आहे.

मी संगीतज्ञ नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा १९७५ साली उत्तीर्ण झालो, पुढे प्राथमिक शिक्षक झालो आणि सारी हयात मुलांना पाढे व कविता शिकविण्यात घालवून आता घरी बसलो आहे. परंतु माझा मुक्काम नरडाण्याचा. सुरत-भुसावळ लोहमार्गावर आमचे स्टेशन आहे आणि मुंबई-आग्रा रस्ताही गावावरून जातो. त्यामुळे आमच्या बँड पार्टीला रस्त्याने सोनगीर, धुळे, शिरपूर आणि गाडीने बेटावद, शिंदखेडे, दोंडाईचे अशा दोन्ही अंगांनी लग्नाच्या सुपाऱ्या येत. सुपारी म्हणजे वाजविण्याचा ठराव, हे शहरातील श्रोत्यांना सांगणे बरे; कारण वर्तमानपत्रांनी त्या शब्दाला अलीकडे भलताच अर्थ दिला आहे. या बँडाचे जे मास्तर होते त्यांच्याकडून मी जे ऐकले, आणि त्यांच्यापायी जी एक फजिती, किंबहुना मजपायी त्यांची जी एक हानी झाली, तेवढीच माझी या विषयातील शिदोरी.

मास्तर क्लॅरिनेट वाजवीत. त्यांना अक्षरओळख बेताची आणि इंग्रजी स्वरलिपीची ओळख मुळीच नव्हती. लग्नसराई संपली म्हणजे ते दोंडाईच्याच्या मिरची बाजारात हमालीस जात. परंतु गाणे दोनदा ऐकले की त्यांच्या बोटांत उतरे, आणि एकदा उतरले की ते जन्मात जात नसे.

माझा त्यांचा परिचय झाला तो शाळेमुळे. १९८२ च्या जानेवारीत प्रजासत्ताकदिनाच्या प्रभातफेरीसाठी मी मुलांचे वाद्यपथक उभे केले होते. शाळेत एक जुना साइड ड्रम आणि एक मोठा ढोल होता. मला कवायत ठाऊक होती. कवायतीच्या जलद चालीत मिनिटास १२० पावले पडतात, हे शिक्षणक्रमात पाठ केलेले. मी मोठ्या उत्साहाने 'एक, दोन, तीन, चार' असे ओरडून आरंभ करून दिला. पथक निघाले. ठोके बिनचूक पडत होते. परंतु मागे पहिलीची मुले अक्षरशः धावू लागली, कित्येकांच्या चपला मागे राहिल्या आणि वेशीपाशी पोचण्यापूर्वीच फेरीचे दोन तुकडे झाले. मास्तर रस्त्याच्या कडेला उभे होते. ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "गुर्जी, तुम्ही मोजतस, पन चालतस नही." म्हणजे, तुम्ही मोजता खरे, पण बरोबर चालत नाही.

त्या दिवशी मला राग आला. पुढे त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला. 'एक, दोन, तीन, चार' या शब्दांनी केवळ 'आता सुरू करा' एवढेच सांगितले जात नाही. पुढील सबंध गाणे कोणत्या गतीने जाणार हे त्या चार आकड्यांतच ठरून जाते, आणि एकदा ठरले की मग ते दुरुस्त करणे फार कठीण. म्हणून जो मोजतो त्याने मोजण्यापूर्वी ते गाणे मनातल्या मनात वाजविलेले असले पाहिजे, आणि ज्या पायांसाठी ते वाजवावयाचे ते पायही पाहिलेले असले पाहिजेत. मास्तर वरातीपुढे उभे राहिले म्हणजे आधी घोड्याकडे, मग नाचणाऱ्या पोरांकडे आणि शेवटी मागच्या म्हाताऱ्या बायकांकडे पाहत. हे पाहणे होईपर्यंत ते क्लॅरिनेट ओठांना लावीत नसत.

आता एक व्यावहारिक अडचण पहा. ज्याच्या तोंडात क्लॅरिनेट आहे तो आकडे म्हणणार कसे? आणि म्हटले तरी फटाक्यांच्या गदारोळात ते ऐकणार कोण? म्हणून बँडातील मोजणी कानाने ऐकावयाची नसते, ती डोळ्यांनी पहावयाची असते. मास्तर क्लॅरिनेटचे तोंड वर उचलीत. एक, दोन, तीन या मात्रा त्यांच्या खांद्यात दिसत आणि चौथ्या मात्रेवर ते श्वास घेत. तो श्वास हीच खरी खूण. फुंकून वाजविण्याच्या वाद्यांत श्वास घेतल्यावाचून आरंभ होऊच शकत नाही; तेव्हा मास्तरांची छाती भरली की ट्रंपेटवाल्यांची भरे, युफोनियमवाल्याची भरे, आणि क्लॅरिनेटचे तोंड खाली येताच सर्वांचा श्वास एकदम सुटे. ढोलवाल्याला वास्तविक श्वासाची गरज नाही, परंतु मास्तर त्यालाही श्वास घ्यावयास लावीत. "तू श्वास घेतला नाहीस तर तुझी टिपरी आधी पडेल," असे ते म्हणत. हा अनुभव मी नंतर वर्गात सामुदायिक कवितेच्या वेळी घेऊन पाहिला. 'एक, दोन, तीन' म्हणण्यापेक्षा मी नुसता दीर्घ श्वास घेतला तर पन्नास मुले अधिक नीट एकदम म्हणू लागत.

सर्वांनी एकदम सुरू करण्याची ही रीत आपल्याकडे पूर्वापार मात्र नाही. गवयाच्या मैफलीत कोणी मोठ्याने मोजीत नाही. गवई बंदिशीचा मुखडा आवर्तनाच्या मध्येच कोठून तरी उचलतो आणि तबलजी समेवर त्याला येऊन मिळतो. त्रितालाच्या सोळा मात्रांपैकी नवव्या मात्रेपासून उठणाऱ्या कितीतरी बंदिशी आहेत. तेथे समेपूर्वीच्या आठ मात्रा गवई एकटाच असतो आणि तेवढ्यात तबलजीने त्याची लय ओळखावयाची असते. गीताचा आरंभ आणि तालाचा आरंभ यांच्या या नात्याला आपल्या शास्त्रकारांनी 'ग्रह' असे नाव देऊन त्याचे सम, अतीत, अनागत असे भेदही केले आहेत. भजनी मंडळातही तेच. बुवा चरण उचलतात, पखवाज मागून येतो, टाळ त्याच्याही मागून. एकाने पुढे व्हावे आणि इतरांनी त्याला मिळावे, ही आपली घरगुती रीत. सर्वांनी एकाच ठोक्याला उठावे, ही रीत पलटणीची. बँड आपल्याकडे पलटणीच्या द्वारेच आला, तेव्हा त्याच्या अंगात ती राहिली यात नवल नाही. लष्करी बँडात आधी ड्रमवर ठरावीक ठोके वाजतात आणि मग सर्व वाद्ये एकसमयावच्छेदेकरून उठतात.

आमच्या मास्तरांच्या बँडात या दोन्ही रीती नांदत होत्या, आणि कोणती केव्हा वापरावी यातच त्यांचे कौशल्य होते. वरातीत ते घरगुती रीत वापरीत आणि तेथे त्यांच्या उपयोगी पडे ती सिनेमाच्या गाण्यांची प्रस्तावना. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. तेवढ्यात गाण्यापूर्वी जे थोडेसे वाद्यसंगीत घालावयाचे ते इतके नेमके असावे लागे की, ऐकणाऱ्याने पहिल्या चार स्वरांतच गाणे ओळखावे. हे काम मुंबईत पुष्कळदा गोव्याकडील वादकांच्या हातून होई. त्यांना स्वरलिपीचे उत्तम ज्ञान असे. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबास्टियन डिसूझा यांनी वाद्यवृंदाची मांडणी केली. आपल्या पुणतांब्यास जन्मलेले सी. रामचंद्र यांच्या जोडीला चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रंपेटवादक होते. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव तर त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे एका विनोदी गाण्यातून घरोघर पोचले. परंतु ते मोठे संगीतज्ञ होते हे ते गाणे गुणगुणणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल? या मंडळींनी व्हायोलिनच्या ताफ्यासाठी जे लिहिले ते आमच्या गावी एक क्लॅरिनेट आणि दोन ट्रंपेट यांच्यावर येऊन पडे. मास्तर व्हायोलिनची सारी धावपळ स्वतःकडे घेत, पितळी वाद्यांचे हुंकार युफोनियमकडे देत आणि बाकीचे सोडून देत.

त्यांची एक युक्ती सांगण्याजोगी आहे. ते सबंध प्रस्तावना कधी वाजवीत नसत. तिचे शेवटले दोन तुकडे तेवढे वाजवीत. मी एकदा विचारले, "मास्तर, सुरुवात का गाळता?" तर म्हणाले, नाचणाऱ्याचा हात वर गेलेला असतो, तो किती वेळ वर धरणार? प्रस्तावनेचे शेपूट धरले की गाणे आपोआप हाती येते. त्या शेपटाच्या वेळी क्लॅरिनेट एकटे असे. ढोलवाला लय ओळखी आणि मुखड्याच्या समेवर ढोल पडे. मला विचाराल तर मैफलीतला तबलजी आणि वरातीतला ढोलवाला या ठिकाणी एकाच शाळेतले विद्यार्थी आहेत, मग कोणी पहिल्या बाकावर बसो की शेवटल्या.

असलाच प्रकार सातासमुद्रांपलीकडे आहे, हे मला फार उशिरा कळले. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेत टेनेसी संस्थानातील नॅशव्हिल शहरी असतो. तेथे 'कंट्री' म्हणून जे ग्रामीण वळणाचे संगीत आहे त्याचे हे मोठे पीठ. तेथील एका नभोवाणी केंद्रावर १९२५ साली सुरू झालेला या संगीताचा साप्ताहिक कार्यक्रम 'ग्रँड ओल ऑप्री' या नावाने आजही चालू आहे. नभोवाणीवर बोलताना याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. त्याने मला लिहून कळविले की, तिकडच्या खेड्यांतील नाचाच्या मेळ्यात सारंगीसारखे फिडल वाजविणारा पुष्कळदा आकडे म्हणतच नाही. गत सुरू करण्यापूर्वी तो गजाने चार मात्रांचा नुसता ठेका काढतो. त्यावरून बाकीचे वादक गती ओळखतात आणि नाचणारे पाय उचलतात. या चार ठोक्यांना ते लोक गमतीने 'चार बटाटे' म्हणतात! आमच्याकडे ही रीत असती तर आम्ही 'चार मिरच्या' म्हटले असते. आणखी एक मौज. तेथील वादक १९५० नंतरच्या दशकापासून स्वरसंघातांना आकड्यांनी ओळखू लागले, एक, चार, पाच असे. ही पद्धत नील मॅथ्यूज या गायकाने काढली. आमचे पेटीवाले 'काळी चार', 'पांढरी पाच' म्हणतात तेव्हा ते पेटीच्या पट्टीचा क्रमांक सांगतात. तिकडचा 'एक' मात्र ज्या पट्टीत गाणे असेल त्या पट्टीचा षड्ज. म्हणजे त्यांचे एक, चार, पाच हे आपले सा, म, प झाले. गाणारणीचा आवाज बसला म्हणून ऐन वेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही.

असो. आता त्या फजितीकडे येतो.

१९८४ च्या उन्हाळ्यात जवळच्याच एका गावी लग्न होते. मास्तरांचा साइड ड्रमवाला तापाने पडला. मला दोन वर्षांत थोडा हात बसला होता, सुटी होती, आणि हौस तर होतीच. मी उभा राहिलो. मिरवणूक निर्विघ्न पार पडली. मग मंगलाष्टकांची वेळ आली. येथे घरगुती रीत कामाची नाही. येथे प्रस्तावना नाही, कोणी पुढे व्हावयाचे नाही. अंतरपाट सरताच सर्वांनी एकदम उठले पाहिजे. मास्तरांनी मला सांगितले होते, 'माझ्याकडे पहा.' परंतु मी पडलो शिक्षक. मंगल-अष्टक म्हणजे आठ श्लोक, हे मला व्युत्पत्तीसह ठाऊक होते. मी मोजू लागलो. भटजींचे शार्दूलविक्रीडित मोठे झोकात चालले होते, एकोणीस अक्षरे, बाराव्यावर यती, मी खूश होतो. आठवा 'सावधान' झाला आणि मी ड्रम घुमविला.

ड्रम वाजला की वाजविणाऱ्यांचा भरलेला श्वास सुटतोच. तो त्यांच्या हाती राहत नाही. सारा बँड उठला. मंडळींनी मुठीतल्या साऱ्या अक्षता उधळल्या, अंतरपाट धरणाऱ्यांपैकी एकाने आपले टोक सोडले. आणि तेव्हा दिसले की, वधूची मावशी हातात कागद घेऊन नववा श्लोक म्हणावयास पुढे झाली होती. घरच्या साऱ्या माणसांची नावे गुंफून तिने तो स्वतः रचला होता. आमच्याकडे, आणि आपल्याकडेही असेल, नातेवाईक अशी स्वरचित मंगलाष्टके म्हणतात. अष्टकात आठच श्लोक असतात हा नियम फक्त शब्दकोशापुरता. पुष्कळ ठिकाणी भटजींचा शेवटचा श्लोक निराळ्या, अकरा अक्षरांच्या वृत्तात येतो, हे तरी माझ्यासारख्याने ध्यानी ठेवावयास हवे होते. तो श्लोक अजून झालाच नव्हता. पण माझी मोजणी पुरी झाली होती.

त्या बाईंचा श्लोक त्या दिवशी म्हटला गेला नाही. त्यांनी कागदाची घडी केली आणि त्या मागे सरल्या, हे मला अजून दिसते. यजमानांनी संध्याकाळी ठरलेल्या रकमेतून बरीच रक्कम कापून घेतली, आणि त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु माझा पगार पहिल्या तारखेस ठरलेला. बँडातील माणसांचा तो दिवसाचा दाम होता. दुसऱ्या दिवशी मी पैसे घेऊन मास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी ते घेतले नाहीत. एवढेच म्हणाले, "अंतरपाट देखा, गुर्जी." मग थोड्या वेळाने म्हणाले, माझा पोरगा तुमच्या शाळेत पाठवितो, त्याला सुपारीची वही लिहिता येईल इतके करा. शाळेत 'सावधान' म्हटले की हलावयाचे नसते, एवढे तरी त्या पोराला मीच शिकविले.

तो मुलगा आता स्वतः बँड चालवितो. त्याची वही तर सुवाच्य आहेच, शिवाय त्याच्याजवळ गाडी आहे, गाडीवर कर्णे आहेत, कीबोर्ड आहे आणि काठ्यांनी वाजविण्याचा विजेचा ऑक्टापॅड आहे. कळ दाबली की ठेका सुरू होतो आणि गती किती ते आकड्यांत दिसते. पुष्कळ लोक या यंत्राला नावे ठेवतात; मी ठेवणार नाही. जुने बँड उन्हात तापलेल्या पितळामुळे किती बेसूर होत हे मला ठाऊक आहे, आणि मोजण्याच्या कामात ते यंत्र माझ्याहून निःसंशय हुशार आहे. फक्त वरातीतल्या म्हाताऱ्या बायका दमल्या की ठेका सावकाश करावा लागतो, त्यासाठी कोणी तरी मागे वळून पहावे लागते. मुलगा पाहतो. त्याच्याकडून शिकून गेलेली काही पोरे पाहत नाहीत, आणि मग माझ्या प्रभातफेरीसारखे वरातीचे दोन तुकडे होतात.

गेल्या वैशाखात त्याच्याच बँडाच्या एका लग्नास मी गेलो होतो. गाडी मंडपाबाहेर तीस-चाळीस हातांवर उभी. मध्ये माणसांची भिंत. कीबोर्डापाशी बसलेल्या मुलाला बोहले दिसण्याची सोयच नव्हती. म्हणून बोहल्याजवळ एक खुर्ची मांडून तीवर मास्तरांना बसविले होते. मास्तर आता पंचाऐंशीच्या घरात आहेत. दात गेले, त्यामुळे क्लॅरिनेट सुटले. आणि साऱ्या जन्माच्या ढोल-ताशांनी कानही गेले आहेत. त्यांच्या उजव्या हातात त्यांची पांढरी टोपी होती. ती उंच धरलेली गाडीवरून दिसत होती.

भटजींची मंगलाष्टके झाली. मग वराच्या आत्याने एक म्हटले. मग वधूच्या काकांनी पुण्याहून मोबाइलवर एक म्हटले. तो आवाज मध्येच तुटे आणि पुन्हा येई, आणि दोनदा लोकांना वाटले की संपले. एकदोघांनी अक्षता टाकल्यासुद्धा. मीही नकळत मोजू लागलो होतो. दहा झाले, अकरा झाले. मास्तरांना यातले काहीच ऐकू येत नव्हते. ते भटजींकडे पाहत नव्हते, मोबाइलकडे पाहत नव्हते. अंतरपाट धरणाऱ्या दोघांच्या बोटांकडे तेवढे त्यांचे डोळे लागले होते. मग ती बोटे जराशी सैल झाली. मास्तरांनी श्वास घेतला, मला तो स्पष्ट दिसला, आणि टोपी खाली आली.

बाहेर बँड उठला. माझ्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या होत्या.